मॉड्यूल उडालं, असं म्हणण्याआधी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली गाडी असो की अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा प्रोजेक्ट, सामान बहुधा तेच असतं: आर्डुइनो उनो, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, पिवळ्या बीओ मोटरी आणि फोनशी बोलायला एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल. गाडी फोनला जुमानत नाही म्हटल्यावर निकाल लगेच लागतो, ‘मॉड्यूल उडालं.’ मग लॅमिंग्टन रोडची नाहीतर बुधवार पेठेची एक चक्कर, नवं मॉड्यूल, आणि पुन्हा तीच रड. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मॉड्यूल खरंच उडालंय का, हे तपासायला आर्डुइनो लागतच नाही. एचसी-०५ला फक्त ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या, त्याच्या टीएक्सडी आणि आरएक्सडी या पिना एका वायरने एकमेकींना जोडा आणि फोनवरच्या सिरिअल टर्मिनल अ‍ॅपमधून चार अक्षरं पाठवा. तीच अक्षरं परत आली, तर मॉड्यूल ठणठणीत आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे.

‘पण फोन तर पेअर झालाय!’ असं सांगतात. पेअर होणं ही नुसती ओळख असते, तीही १२३४ हा पिन देऊन एकदाच करायची. खरी जोडणी अ‍ॅपच्या आतून करावी लागते. फोन काय दाखवतो त्यापेक्षा मॉड्यूलवरचा लाल दिवा जास्त खरं बोलतो. तो सतत भरभर लुकलुकत असेल, तर जोडणी झालेली नाही. दोनदा चटकन चमकून थांबत असेल, तर झालेली आहे. अ‍ॅपला मॉड्यूल दिसतच नसेल, तर अँड्रॉइड १२पासून लागणारी ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी दिली आहे का ते पाहा. फोनमधलं ब्लूटूथ ५ आणि मॉड्यूलमधलं २.० यांचं जमत नाही, हेही खरं नाही. नव्या फोनमध्ये जुनं क्लासिक ब्लूटूथ असतंच. अडचण आहे ती आयफोनची. एचसी-०५ ज्या सिरिअल पद्धतीने बोलतं, ती आयफोन अशा साध्या मॉड्यूलसाठी खुली ठेवत नाही. तिथे एचएम-१०सारखं बीएलई मॉड्यूलच घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त छळणारा प्रकार वेगळाच आहे. गाडी जोडली जाते, ‘पुढे’चं बटण दाबताच जोडणी तुटते आणि दोष ब्लूटूथच्या माथी बसतो. बहुतेक वेळा गुन्हेगार असते ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. व्होल्ट ९ आहेत म्हणजे ताकद भरपूर, हा समज फार घट्ट बसलाय. ही बॅटरी मल्टिमीटरला छान, पण जास्त करंट देणं तिला झेपत नाही. थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि इथे तर चार मोटरी एकदम सुटतात. व्होल्टेज कोसळतं, त्याबरोबर मॉड्यूल आणि आर्डुइनो दोन्ही रीसेट होतात. खात्री करायची तर मोटरींच्या वायरी काढून तेच बटण दाबा. आता जोडणी टिकली, तर ब्लूटूथचा काही संबंध नाही. १८६५०चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये लावले की हा त्रास सहसा संपतो. प्रत्येक मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर ब्रशच्या ठिणग्यांचा गोंधळही आवरतो. मोटरींना वेगळी बॅटरी देणारे हुशार असतात, पण दोन्ही बॅटऱ्यांचे ग्राउंड एकत्र जोडायला विसरतात, आणि मग काहीच धड चालत नाही.

वायरींबद्दल थोडक्यात. मॉड्यूलचा टीएक्सडी आर्डुइनोच्या आरएक्सला जातो, टीएक्सला नाही. पिन ० आणि १ यूएसबीही वापरते, त्यामुळे मॉड्यूल तिथे असेल तर प्रोग्राम अपलोड होत नाही. तेव्हा ते काढून ठेवा, किंवा सॉफ्टवेअर सिरिअल वापरून १० आणि ११वर न्या. ‘५ व्होल्ट थेट दिले तरी चालतं’ हा सल्लाही सर्रास मिळतो. वीजपुरवठ्यापुरतं ते बरोबर आहे. आरएक्सडी पिन मात्र ३.३ व्होल्टची आहे, बोर्डाच्या पाठीवर तसं छापलेलंही असतं. १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवणं हे काही रुपयांचं काम आहे, ते टाळण्यात शहाणपण नाही.

स्पर्धेच्या हॉलमध्ये आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘इथे वायफाय फार आहे.’ दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, हे खरं. पण क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत जातं आणि गजबजलेले चॅनेल टाळतंही. ते अँटेना धातूच्या सांगाड्याखाली किंवा बॅटरीच्या मागे दडपल्यावर जास्त अडतं. आणि त्याहून साधं कारण म्हणजे हॉलमधल्या सगळ्या मॉड्यूलांचं नाव एचसी-०५ असतं आणि सगळ्यांचा पिनही एकच. एक मॉड्यूल एका वेळी एकाच फोनला भेटतं. शेजारच्या टेबलावरच्या पोराने चुकून तुमचं मॉड्यूल धरलं, की तुम्ही बसता वायरी तपासत.

तेव्हा नाव घरीच बदलून न्यावं. मॉड्यूलवरचं छोटं बटण दाबून धरून वीज द्यायची, दिवा दोन-दोन सेकंदांनी संथ लुकलुकू लागतो. सिरिअलचा वेग ३८४००, ओळीच्या शेवटी एनएल आणि सीआर दोन्ही, मग ‘एटी+नेम’ची आज्ञा. काम झालं की वीज बंद करून बटण न दाबता पुन्हा द्यायची आणि कोडमधला वेग ९६००वर परत आणायचा. हा शेवटचा बदल राहिला, तर दिवा जोडणी झाल्याचं सांगतो आणि गाडी मात्र जागची हलत नाही.