धारोष्ण दूध आणि मानेवरची गाठ

पहाटे गोठ्यात धार काढावी आणि फेसाळलेल्या कोमट दुधाचा पेला तिथेच ओठी लावावा, ही गवळ्यांच्या आणि गुराख्यांच्या वस्त्यांतील जुनी सवय. अनेक वृद्ध आजही धारोष्ण दूध शक्तिवर्धक मानतात. त्याच पेल्यातून क्षयरोगही शरीरात शिरू शकतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनीच १९०१ साली गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नसल्याचे म्हटले होते. ब्रिटनच्या शाही आयोगाने दीर्घ अभ्यासाअंती हे मत खोडून काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ साली जगभरात सुमारे १ लाख ४७ हजार लोकांना हा पशुजन्य क्षय झाला. त्याचा सर्वाधिक भार आफ्रिकेवर आहे. तेथील अनेक पशुपालक समाजांत कच्चे दूध हे रोजचे अन्न असते आणि दवाखाना दूर असतो. आपल्याकडे दूध उकळण्याचा घरोघरचा रिवाज ही मोठी ढाल आहे. परंतु गोठ्यातल्या पेल्यापाशी ती गळून पडते.

दुधावाटे शिरलेला जंतू अनेकदा फुप्फुसांऐवजी मानेतील लसिकाग्रंथींत किंवा आतड्यांत ठाण मांडतो. अशा वेळी खोकला नसतो आणि थुंकीच्या तपासणीतही काही सापडत नाही. मानेवर न दुखणारी गाठ, सायंकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन किंवा रेंगाळणारी पोटदुखी एवढीच काय ती खूण. वृद्धांच्या बाबतीत ‘वयोमानाने होते’ असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. शिवाय बालपणी शिरलेला जंतू अनेक दशके सुप्त राहून, मधुमेहाने वा वार्धक्याने प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यावर डोके वर काढू शकतो.

म्हणूनच डॉक्टरांकडे गेल्यावर ‘आमच्या घरी गुरे आहेत, आजोबा कच्चे दूध पीत असत’ हे आवर्जून सांगावे. क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध गुरांच्या क्षयाच्या मुख्य जंतूवर मुळातच निष्प्रभ ठरते. ही माहिती मिळाल्यास योग्य तपासण्या करता येतात आणि गरजेनुसार उपचारांत बदल करता येतो. सरकारी रुग्णालयांत क्षयाचे निदान व औषधोपचार विनामूल्य आहेत. मात्र बरे वाटू लागले म्हणून औषधे मध्येच सोडू नयेत.

घरच्यांनी एवढे पाळावे:

• दूध चांगली उकळी आणूनच प्यावे. कच्च्या दुधाचे दही, ताक वा लोणीही निर्धोक नसते.

• बाधित जनावराच्या श्वासातूनही संसर्ग होतो. वृद्धांची बाज गोठ्यात टाकू नये आणि गोठ्यात वारा खेळता ठेवावा.

• खंगत जाणाऱ्या, सतत खोकणाऱ्या जनावराला वेगळे बांधून पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

आजोबांचा दुधाचा पेला हिरावून घेण्याचे कारण नाही. तो गोठ्यातून आधी चुलीवर जावा आणि मग त्यांच्या हाती यावा, एवढेच.