वाढीव बॅकअप

वाढीव बॅकअप म्हणजे मागील बॅकअपनंतर बदललेल्या किंवा नव्याने तयार झालेल्या फाइलींचीच घेतलेली राखीव प्रत होय. लिनक्स सर्व्हरवर हे काम शेल स्क्रिप्ट आणि क्रॉन यांच्या साहाय्याने दररोज आपोआप करता येते.

आवश्यकता

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या कागदी नस्ती जळाल्या. एकमेव कागदी प्रतीला असणारा हा धोका एकाच डिस्कवर साठवलेल्या माहितीलाही असतो.

स्वरूप

समजा, सर्व्हरवर १०० गीगाबाईट माहिती असून तीत रोज १ गीगाबाईट बदल होतो. रोज पूर्ण प्रत घेतल्यास आठवड्याला ७०० गीगाबाईट जागा लागते. रविवारी पूर्ण व इतर सहा दिवस वाढीव प्रत घेतल्यास सुमारे १०६ गीगाबाईट पुरतात. मात्र प्रतींची ही साखळी असते. बुधवारची कडी खराब झाल्यास गुरुवारची स्थिती पूर्णपणे परत मिळवता येत नाही.

साधने

ग्नू टार हा प्रोग्रॅम फाइलींच्या स्थितीची नोंद ठेवून अशी साखळी तयार करतो. अँड्रयू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांचा आरसिंक हा प्रोग्रॅम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या साहाय्याने प्रत्येक दिवसाची स्वतंत्र, पूर्ण दिसणारी डिरेक्टरी तयार करता येते. न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने जोडल्या जात असल्याने त्या डिस्कवर एकदाच जागा व्यापतात. त्यामुळे अशी एक फाइल बिघडल्यास ती सर्व दिवसांच्या प्रतींत बिघडलेलीच आढळते.

स्वयंचलन

क्रॉन ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवतो. चांगली स्क्रिप्ट प्रथम बॅकअपची डिस्क जोडलेली आहे का, हे तपासते. अन्यथा प्रत मूळ डिस्कवरच साठण्याचा संभव असतो. आधीचे काम अपूर्ण असल्यास ती दुसरे सुरू करत नाही. चालू डेटाबेसच्या फाइलींची थेट नक्कल विसंगत ठरू शकते. म्हणून ती आधी डेटाबेसची निर्यात करून घेते. शेवटी ती यशापयशाची नोंद ठेवते.

दूरची प्रत

एक प्रत दुसऱ्या गावी असावी, असा संकेत आहे. उदाहरणार्थ, घोड नदीकाठच्या शिरूर येथील एखाद्या शाळेच्या सर्व्हरची प्रत एसएसएचद्वारे भीमाकाठच्या दौंड येथील संगणकावर रोज रात्री पाठवता येते. पहिली पूर्ण प्रत डिस्कवरून नेल्यास पुढे इंटरनेटवरून केवळ बदल पाठवावे लागतात.

पुनर्स्थापनेची चाचणी

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा तिचे नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते आणि अपयशाच्या सूचनाही संबंधितांपर्यंत पोहोचत नव्हत्या, असे उघड झाले. योगायोगाने घेतलेल्या सहा तासांपूर्वीच्या प्रतीवरून सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळातील माहिती मात्र गमवावी लागली. म्हणून ठरावीक काळाने काही फाइली वेगळ्या जागी परत मिळवून त्या उघडतात का, हे पाहणे हा बॅकअपचाच भाग मानला जातो.