रिंगणातल्या घोड्याला फुटलेले दाते

तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण बेलवाडीला होतं, पुढचं इंदापुरात. अश्व सुटला की शूटिंगवाला कॅमेरा नुसता गरगर फिरवायचा. व्हीएचएसच्या काळातली तशी एखादी कॅसेट आज संगणकावर उतरवून चित्र थांबवलं, की घोड्याच्या पायांना फणीसारखे दाते दिसतात. ‘लाइना आल्या’ म्हणत लोक कॅसेटला नावं ठेवतात. कॅसेटचा त्यात काही दोष नाही.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ रेघा दिसतात, पण त्या एकदम टिपल्या जात नाहीत. आधी एकाआड एक २८८ आणि सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यानंतर उरलेल्या २८८. ताशी ३६ किलोमीटरने धावणारा घोडा तेवढ्यात २० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. जुना डबा टीव्ही याच क्रमाने रेघा ओढायचा, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. सपाट पडदे दोन्ही अर्धी चित्रं एकत्र दाखवू लागले आणि दाते उघडे पडले.

त्याआधीच व्हीसीडी आली होती. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. त्यात दोनातलं एक अर्धं चित्र सरळ टाकून दिलं जायचं. लाइना गेल्या, पण निम्मी हालचालही गेली. ‘सीडी केली ना, मग कॅसेट कशाला?’ असं म्हणून घराघरांतून लग्नाच्या मूळ कॅसेट भंगारात गेल्या, हे जास्त वाईट झालं. डीव्हीडीने दोन्ही अर्धी चित्रं जशीच्या तशी ठेवली. माझ्या मते तोच सगळ्यांत प्रामाणिक प्रकार.

मिनीडीव्हीने वेगळाच घोळ घातला. तिच्यात खालच्या रेघांचं अर्धं चित्र आधी येतं. एडिटिंगला बसलेल्याने क्रम उलटा निवडला, की घोडा दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत धावतो. काहींनी दोन्ही अर्धी चित्रं एकमेकांत मिसळून टाकली. दाते बुजले आणि घोड्याला आठ पाय आले.

२००६ च्या सुमारास आलेल्या ‘याडिफ’ या मोफत फिल्टरने आजूबाजूच्या रेघा आणि मागची-पुढची चित्रं तपासून गाळलेल्या रेघांचा अंदाज बांधायला सुरुवात केली. नंतरचं ‘क्यूटीजीएमसी’ त्याहून सरस, पण फार सावकाश चालणारं. २०१४ मध्ये यूट्यूबने सेकंदाला ६० चित्रांपर्यंत मुभा दिली. आता प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० दाखवता येतात, आणि रिंगण त्याच्या खऱ्या वेगाने पळतं.

तरी गाळलेल्या रेघा हा शेवटी अंदाजच. काटेवाडीला पालखीसमोर अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांचे काठ साध्या पद्धतीत वर-खाली थरथरतात. रथाभोवती धावणाऱ्या मेंढ्यांच्या पाठींची लोकर पार गुळगुळीत होते. लग्नात तर अक्षतांचे दाणे एकेका अर्ध्या चित्रात क्षणभर चमकतात. हुशार फिल्टर त्यांना कचरा समजून पुसू शकतो आणि नवरा-नवरीवर काही पडलंच नाही असं दिसतं. मंगलाष्टकांपुरता फिल्टरचा जोर कमी करावा हे बरं.

उतरवलेली मूळ फाइल मात्र न छेडता वेगळी ठेवावी. ज्यांच्याकडे फक्त व्हीसीडी उरली आहे, त्यांच्यासाठी यातली एकही पद्धत उपयोगाची नाही. टाकून दिलेलं अर्धं चित्र त्या तबकडीत नाहीच.