डिफीट, ओव्हरथ्रो, टॉपल : एका ओळीतले, पण एका अर्थाचे नव्हेत

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘डिफीट’ या शब्दापुढे बीट, कॉन्कर, व्हँक्विश, ओव्हरथ्रो, टॉपल, राउट असे शब्द एका ओळीत दिलेले असतात आणि मुलं ती ओळ तशीच पाठ करतात. चार पर्यायांतून एकावर खूण करण्यापुरतं ते चालून जातं. पण त्यातून असा समज पक्का होतो की यातला कुठलाही शब्द कुठेही बसवता येईल. दोन ओळी इंग्रजीत लिहायची वेळ आली की हाच समज अंगाशी येतो. या शब्दांत फक्त जोराचा फरक असता तर एवढं बिघडलं नसतं. कोण पडलं, कशावरून पडलं आणि पडल्यानंतर त्याचं काय उरलं, हे प्रत्येक शब्द वेगळं सांगतो.

नेपोलियनचं उदाहरण घ्या. एप्रिल १८१४ मध्ये फ्रान्सच्या सिनेटने त्याला पदावरून दूर केलं. इंग्रजीत त्याला ‘डिपोज’ म्हणतात, कारण तिथे गेलं ते पद. पुढच्या वर्षी तो परत आला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला हरला. तिथे शब्द येतो ‘डिफीट’. त्या संध्याकाळी सैन्याची फळी मोडून जी पळापळ झाली तिला ‘राउट’ म्हणतात. हरलेलं सैन्य शिस्तीत माघार घेऊ शकतं. ‘राउट’ झालेल्याला ते जमत नाही. मात्र त्या दिवशीही नेपोलियन सम्राटच होता. गादी त्याने सोडली ती चार दिवसांनी, २२ जूनला. वॉटर्लूच्या लढाईसाठी ‘डिपोज’ वापरलं तर नुसती शैली बिघडत नाही, इतिहासच चुकतो.

सरकारांच्या बाबतीत हा घोळ सर्वांत जास्त होतो. २८ मार्च १९७९ रोजी ब्रिटनमध्ये जेम्स कॅलहन यांच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनी मंजूर झाला. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला. दोन्ही ठिकाणी सरकार पडलं ते सभागृहात, मतमोजणीने, आणि पुढे निवडणुका झाल्या. याला ‘डिफीट’ म्हणावं किंवा सरळ ‘फॉल’. ऑगस्ट १९५३ मध्ये इराणच्या मोसादेक सरकारचं मात्र तसं झालं नाही. अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर यंत्रणांच्या पाठबळाने तिथे सत्ता उलथवली गेली. ‘ओव्हरथ्रो’ शब्द त्यासाठी आहे. आपण मराठीत सरकार ‘पडलं’ आणि ‘उलथवलं’ यांत गल्लत करत नाही. तोच कान इंग्रजी लिहिताना झाकून ठेवायचं कारण नाही.

‘टॉपल’मध्ये तर पडण्याची रीतच सांगितलेली असते. उभी, उंच वस्तू तोल जाऊन कोसळते, ते ‘टॉपल’. ९ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या फिर्दोस चौकात सद्दाम हुसेनचा पुतळा अमेरिकी लष्कराच्या वाहनाने साखळी लावून ओढला. तो आधी पायांत वाकला, पुढे झुकून काही वेळ आडवा लोंबकळला आणि मग खाली आला. त्या दृश्याला ‘टॉपल’ इतकं चपखल बसणारं दुसरं क्रियापद नाही. हुकूमशहांसाठी हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरतात तेव्हाही उंचावरून कोसळण्याचं हेच चित्र मागे असतं.

यावर कुणी म्हणेल की इंग्रजी वर्तमानपत्रंच एका बातमीत बीट, क्रश, टॉपल असे शब्द आलटूनपालटून वापरतात. वापरतात, हे खरं. मथळ्यात जागा कमी असते आणि तोच शब्द पुन्हा नको असतो. पण निव्वळ पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलण्याची ही खोड इंग्रजीचे भाषातज्ज्ञ फाउलर बंधू यांनी १९०६ मध्येच दोष म्हणून दाखवून दिली होती. दुसरा आक्षेप असा की रॉजे यांच्या १८५२ च्या प्रसिद्ध कोशातही असे शब्द एकत्रच आहेत. पण ती मांडणी कल्पनांनुसार केलेली आहे. विसरलेला शब्द आठवून देणं हे तिचं काम. दोन शब्द एकच आहेत असा दाखला ती देत नाही.

भारदस्त शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी, हाही एक समज. ‘व्हँक्विश’ काव्यात किंवा जुन्या युद्धवर्णनात शोभतो. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवलं, हे सांगायला ‘बीट’ पुरतो. तो निकाल अनपेक्षित होता, म्हणून ‘अप्सेट’ही चालेल. मात्र ‘अप्सेट’ नावाच्या घोड्याने १९१९ मध्ये मॅन ओ’ वॉर या नामांकित घोड्याला हरवलं आणि त्यावरून हा शब्द आला, ही गोष्ट खरी नाही. शर्यत खरी आहे, पण १८७७ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये घोड्यांच्या शर्यतींसंदर्भातच हा शब्द याच अर्थाने आलेला आहे.

आणि रोजची चूक तर याहून साधी आहे. इंग्रजीत ‘विन’ करतात तो सामना, ‘बीट’ करतात तो प्रतिस्पर्धी. समानार्थी शब्दांच्या यादीत हे कळत नाही, वाक्यात कळतं. म्हणून यादी पाठ करणाऱ्यांनी प्रत्येक क्रियापदापुढे त्याचं कर्मही लिहून ठेवावं : ‘ओव्हरथ्रो’पुढे राजवट, ‘डिपोज’पुढे राजा, ‘राउट’पुढे सैन्य, ‘बीट’पुढे प्रतिस्पर्धी.