अखेरच्या दुखण्यातील औषध

कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाण्याचा प्रसंग धर्मगुरूस वारंवार येतो. शहरातील मोठ्या इस्पितळाने “आता घरी न्या” असे सांगितलेले असते. जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाइन व साध्या गोळ्या ह्यांपलीकडे काही मिळत नाही, आणि रोगी रात्रभर कण्हत असतो. अशा वेदना पुष्कळ अंशी शमविणारे औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि ते आपल्याच देशात तयार होते. मग ते गावापर्यंत का पोचू नये?

ते औषध म्हणजे मॉर्फिन. अफूपासून ते काढतात. इंदूरकडील आपल्या वाचकांस मंदसोर व नीमच येथील अफूची शेते ठाऊक असतीलच. सरकारी परवान्याने पीक घेणारा शेतकरी बोंडास चिरा पाडून निघालेला चीक सरकारच्या स्वाधीन करतो, व नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. ही अफू वर्षानुवर्षे परदेशच्या औषध-कारखान्यांस पुरविली गेली, आणि ती जेथे पिकते त्या देशातील रोगी मात्र तळमळत राहिले.

ह्याचे मोठे कारण १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा. व्यसन व चोरटा व्यापार ह्यांस आळा घालावा हा त्याचा हेतू स्तुत्यच होता. परंतु रुग्णालयास मॉर्फिन ठेवावयाचे तर निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एकाची मुदत संपली की दुसरा निरुपयोगी ठरे. शिवाय चूक झाल्यास तुरुंगाची धास्ती. तेव्हा बहुतेकांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. कोळिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून अशा रोग्यांची सेवा संघटित केली, आणि कायदा बदलावा म्हणून दीर्घकाळ खटपट केली. अखेर २०१४ साली संसदेने दुरुस्ती केली, व २०१५ मध्ये सर्व देशास लागू होणारे नियम आले. मॉर्फिन धरून सहा औषधे आवश्यक ठरली, आणि आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळविली म्हणजे संस्थेस ती ठेवता येतात. वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा व प्रत्येक गोळीची नोंद राहावी, ह्या त्यातील मुख्य अटी.

ही मान्यता मोठ्या इस्पितळांपुरती नाही. छोटे नर्सिंग होम किंवा धर्मभगिनींचा दवाखाना, अटी पुऱ्या करीत असल्यास, ती मागू शकतो. तथापि दहा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी पुष्कळांनी अर्जच केलेला नाही. जुनी भीती कायद्याहून चिवट असते! आपल्या लोकांना ह्या सेवेचे नमुने दूर शोधावयास नकोत. वांद्र्यास १९८६ साली डॉ. लुईस जुझे डिसोझा ह्यांनी शांती अवेदना सदन उभारले. भारतातील हे पहिले हॉस्पिस होय. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा झाली.

कायद्याची अडचण दूर झाली तरी घरची अडचण उरते. “फादर, ही गोळी दिली म्हणजे आपणच आईला मारल्यासारखे नाही का होणार?” हा प्रश्न मुलगे हलक्या आवाजात विचारतात. कोणी म्हणतात, प्रभूने क्रूसावर जाताना गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग आपण कोण?

ह्याचे उत्तर ख्रिस्तसभेने केव्हाच दिले आहे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस ह्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे ह्याच विषयावर भाषण केले. स्वेच्छेने वेदना स्वीकारून ती प्रभूस अर्पण करणे थोर आहे, पण ते कोणावरही बंधनकारक नाही, असे त्यांनी सांगितले. दुसरा उपाय नसेल, रोग्याची संमती असेल, आणि त्याची धार्मिक व कौटुंबिक कर्तव्ये अडत नसतील, तर वेदना शमविण्यासाठी असे औषध देणे धर्मास संमत आहे. त्यामुळे आयुष्य काहीसे उणे होण्याचा संभव असला, तरीही. मात्र मृत्यू घडवावा ह्या हेतूने औषध देणे हे सर्वस्वी वेगळे, आणि ते घोर पाप होय. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हीच शिकवण आहे. त्यागाची निवड रोग्याने स्वतः करावयाची असते. खाटेजवळ उभ्या असलेल्या धडधाकट माणसाने ती त्याच्यावतीने करू नये.

वास्तविक डॉक्टरने थोड्या मात्रेपासून सुरुवात करून बेताबेताने वाढविलेले मॉर्फिन सहसा जीव घेत नाही. पहिले दोन-चार दिवस झोप व मळमळ येते, पुढे ती बहुधा ओसरते, आणि रोगी घरच्यांशी बोलू लागतो. बद्धकोष्ठ मात्र हटकून होतो, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यावयाची. कळ उठण्याची वाट पाहत बसू नये. अशा रोग्यास व्यसन जडणे विरळाच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरास आधीच सांगावे.

पापनिवेदन व रुग्णाभ्यंग ह्यांसाठी धर्मगुरूस लवकर बोलवावे, शुद्ध हरपेपर्यंत थांबू नये. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, शेजारच्या दुखणाइतास उसन्या देऊ नयेत, आणि रोगी निवर्तल्यावर उरलेल्या मोजून त्याच दवाखान्यात परत नेऊन द्याव्यात.