गोगलगाय : रानात उपकारक, शिवारात उपद्रवी

पावसाळ्यात ओल्या पालापाचोळ्याखाली दिसणारी बिनशंखी गोगलगाय सरसकट शत्रू मानणे योग्य नव्हे. रानात ती कुजकी पाने व बुरशी खाऊन माती सकस करण्यास हातभार लावते. बागेतील कोवळ्या रोपांवर मात्र ती ताव मारते.

शंखी आफ्रिकी गोगलगायीची गोष्ट निराळी. १८४७ साली एका शंखअभ्यासकाने ती मॉरिशसहून हौसेने कलकत्त्यास आणली. त्या हौसेची किंमत २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागातील शेतकऱ्यांनी मोजली. सोयाबीनची रोपे उगवताच फस्त झाली व अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली.

ही गोगलगाय उन्हाळाभर शंखाचे तोंड बंद करून मातीत पडून राहते, पहिल्या पावसाबरोबर बाहेर येते आणि एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. म्हणून तिचा बंदोबस्त अंडी घालण्यापूर्वीच झाला पाहिजे. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सायंकाळी बांधालगत अंथरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व साबणाच्या पाण्यात बुडवून माराव्यात. शेतात मीठ टाकू नये. त्याने जमीनच बिघडते. शेजारच्या शेतकऱ्यांनीही त्याच आठवड्यात ही मोहीम हाती घ्यावी, कारण गोगलगायीला बांध अडवीत नाही.