घरगुती बायबल अभ्यासात नेमके काय चालते?

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पाच-दहा जण बायबल घेऊन बसतात. प्रवचन नसते. उतारा आळीपाळीने वाचायचा, समजले नाही तिथे थांबायचे, शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना करायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनेही म्हटली जातात.

विषय उपासनेचा असेल, तर स्तोत्रसंहितेतले ९५वे स्तोत्र घेण्यासारखे आहे. सुरुवातीला गाणे, गुडघे टेकणे. मग एकदम सूर बदलतो. मरीबा आणि मस्सा इथे पूर्वजांनी केली तशी मने कठीण करू नका, असा इशारा येतो. ही हकिगत निर्गमच्या १७व्या अध्यायात आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोक रानात तहानेने व्याकूळ झाले आणि परमेश्वर आपल्यात आहे की नाही, असे विचारू लागले.

तहान तर खरी होती, मग चुकले काय? गटात कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरी आजारपण असते. इथे उत्तराची घाई करू नये. याच स्तोत्रसंहितेत देवाकडे केलेल्या तक्रारीही भरपूर आहेत.

देवावर भरवसा टाकण्याला मराठी बायबलमध्ये ‘भाव ठेवणे’ म्हणतात. शब्द वारकऱ्यांच्याही ओळखीचा. वाचलेले कळलेच पाहिजे, हा पंडिता रमाबाईंचा आग्रह. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खे बायबल आणले. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.